ब्लडीवूड : विडंबनातून स्वतःच्या गाण्यांकडे

नवी दिल्ली : ‘ब्लडीवूड’ हा राजधानी दिल्लीतील हेवी मेटल बँड आहे. विद्युत गिटार आणि ड्रमच्या प्रचंड नादाला ढोल व बासरीची साथ आणि हिंदी, पंजाबी व इंग्रजी शब्दांची मिसळण, ही त्याची ओळख. आज हा बँड जगभर परिचित असला, तरी त्याची सुरुवातीची वाटचाल अस्थिर होती. थट्टेतून मिळालेली लोकप्रियता जपावी की स्वतःचे म्हणणे मांडावे, हा पेच त्या काळात बँडपुढे होता.

करण कटियार आणि जयंत भडुला यांनी २०१६ मध्ये या बँडची स्थापना केली. कटियार हे व्यवसायाने वकील. संगीतासाठी त्यांनी ते क्षेत्र सोडले. गिटार, बासरी आणि संगीतरचनेची बाजू त्यांच्याकडे, तर गायन भडुला यांच्याकडे होते. बॉलीवूड या शब्दावरील कोटीतून बँडला नाव मिळाले. दलेर मेहंदी यांच्या ‘तुनक तुनक तुन’सारख्या लोकप्रिय गाण्यांची मेटल रूपे यूट्यूबवर गाजली. मात्र ही गाणी इतरांची होती आणि प्रेक्षक हसण्यासाठी येत होते.

भारतात हेवी मेटल तेव्हा नवे नव्हते. मुंबईतील ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ हा बँड २००० पासून कार्यरत होता. परंतु चित्रपट संगीताचे वर्चस्व असलेल्या बाजारपेठेत अशा बँडना व्यासपीठे मोजकी आणि उत्पन्न तुटपुंजे होते. ब्लडीवूडने कोणत्याही ध्वनिमुद्रण कंपनीविना, इंटरनेटवरील चाहत्यांच्या आर्थिक पाठबळावर काम सुरू ठेवले.

२०१८ मधील ‘अरी अरी’ या गाण्यापासून दिशा बदलली. त्यात रॅपर राऊल केर यांचा सहभाग होता. पुढे ते बँडचे सदस्य झाले. त्यानंतरचे ‘जी वीरे’ हे गाणे नैराश्यावर होते आणि त्यासोबत गरजूंना मोफत ऑनलाइन समुपदेशन देण्याचा उपक्रमही राबविण्यात आला. ‘एन्ड्युरंट’मध्ये दुर्बलांवर होणाऱ्या दादागिरीचा विषय हाताळला गेला, तर ‘मची भसड’ या गाण्याने दिल्लीच्या बोलीत गोंधळाला असलेला शब्दच शीर्षकात आणला. हसविणाऱ्या बँडने गंभीर होणे जोखमीचे होते. तरीही श्रोते टिकले.

ऑगस्ट २०१९ मध्ये उत्तर जर्मनीतील ‘वाकेन ओपन एअर’ या मेटल महोत्सवात बँडने कला सादर केली. यूट्यूबवर घडलेल्या या बँडचा तो पहिलाच आंतरराष्ट्रीय दौरा होता. त्यावरील माहितीपटही तयार झाला. मात्र २०२० मध्ये कोरोना महासाथीने जगभरातील मैफली थांबविल्या आणि नुकत्याच मिळालेल्या गतीला खीळ बसली.

या काळात बँडने गीतलेखन सुरूच ठेवले. धर्माच्या नावाने फूट पाडणाऱ्या राजकारणावर ‘गद्दार’ हे गाणे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. भटक्या प्राण्यांची देखभाल करणाऱ्या राजधानी परिसरातील एका संस्थेला बँडने रुग्णवाहिकाही दिली.

१८ फेब्रुवारी २०२२ रोजी ‘रक्षक’ हा स्वतःच्या दहा गाण्यांचा पहिला अल्बम स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी बँडने जपानमधील ‘फुजी रॉक’ महोत्सव गाठला. २०२५ मध्ये आलेल्या दुसऱ्या अल्बमला त्यांनी आपल्या शहराचेच नाव दिले : ‘नु दिल्ली’.