महाराष्ट्रातील प्रागैतिहासिक मानव

महाराष्ट्रातील प्रागैतिहासिक मानव म्हणजे लेखनकलेच्या उदयापूर्वी आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात वावरलेले मानवसमूह. या काळातील मानवी जीवाश्म अत्यंत विरळ आहेत. त्यामुळे त्या मानवाचे जीवन आणि विचारशक्ती यांविषयीची माहिती मुख्यत्वे दगडी हत्यारे, कोरीव वस्तू, मणी, दफने व शिल्पे यांवरून मिळते. गोदावरी, प्रवरा, कुकडी आणि वैनगंगा यांसारख्या नद्यांची खोरी, जळगाव जिल्ह्यातील पाटणे हे स्थळ आणि कोकणातील कातळशिल्पे ही या अभ्यासाची महत्त्वाची क्षेत्रे आहेत.

पार्श्वभूमी

आधुनिक मानवाचे (होमो सेपियन्स) सर्वांत प्राचीन ज्ञात जीवाश्म मोरोक्कोतील जेबेल इरहूद येथील असून ते सुमारे 3 लाख वर्षांपूर्वीचे आहेत. दगडी हत्यारे मात्र त्याहून कितीतरी जुनी आहेत. केनियातील लोमेक्वी येथील हत्यारे सुमारे 33 लाख वर्षांपूर्वीची मानली जातात. म्हणजेच हत्यारे घडवण्याची परंपरा आधुनिक मानवाच्या आधीच्या मानवकुलीन जातींपासून चालत आलेली आहे.

भारतात रॉबर्ट ब्रूस फूट यांना 1863 मध्ये मद्रासजवळील पल्लावरम येथे पुराणाश्मयुगीन हत्यार सापडले आणि या विषयाच्या अभ्यासाला सुरुवात झाली. तमिळनाडूतील अत्तिरमपक्कम येथील सर्वांत जुनी हत्यारे सुमारे 15 लाख वर्षांपूर्वीची ठरली आहेत. भारतीय उपखंडातील सर्वांत महत्त्वाचा प्राचीन मानवी जीवाश्म मध्य प्रदेशातील हथनोरा येथे नर्मदेच्या खोऱ्यात मिळाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांनी 1982 मध्ये शोधलेली ही कवटी कोणत्या मानवजातीची आहे, याबाबत तज्ज्ञांत मतभेद आहेत.

संशोधनाचा इतिहास

1860 च्या दशकात ए. बी. विन यांना गोदावरीकाठी पैठणजवळील मुंगी येथे अकीकाचा एक छिलका मिळाला. 1930 च्या दशकात के. आर. यू. टॉड यांनी मुंबईतील कांदिवली परिसरातील हत्यारांचा अभ्यास केला. डेक्कन कॉलेजचे हसमुख धीरजलाल सांकलिया (1908–1989) यांनी नाशिकजवळील गंगापूर आणि प्रवरेकाठचे नेवासे येथे केलेल्या संशोधनामुळे या अभ्यासाला पद्धतशीर स्वरूप आले. नेवासे येथील थरांवरून मध्यपुराणाश्मयुग ही स्वतंत्र अवस्था ओळखता आली. नेवाशाजवळील चिरकी येथे गुद्रुन कोर्विनस यांनी 1966 ते 1969 या काळात उत्खनन केले.

कालमापनातील अडचणी जुन्नर तालुक्यातील बोरी येथे स्पष्ट होतात. कुकडी नदीच्या काठी या ठिकाणी ज्वालामुखीच्या राखेच्या थरासोबत हातकुऱ्हाडी मिळाल्या. ही राख एका मापनानुसार सुमारे 14 लाख, तर दुसऱ्या मापनानुसार सुमारे 6.7 लाख वर्षांपूर्वीची ठरली. ती सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीच्या सुमारे 74,000 वर्षांपूर्वीच्या उद्रेकातील आहे, असे तिसरे मत आहे. नदीने जुनी हत्यारे वाहून आणून नव्या थरात टाकली असल्यास राखेचे वय हत्यारांना लागू पडत नाही. त्यामुळे हत्यारे मूळ जागी आहेत की वाहून आलेली, हे आधी ठरवावे लागते.

दगडी हत्यारे आणि विचारशक्ती

पूर्वपुराणाश्मयुगातील प्रमुख हत्यारे म्हणजे हातकुऱ्हाड आणि फरशी. हातकुऱ्हाडीच्या दोन्ही बाजू समतोल असतात. असा आकार साधण्यासाठी घडवणाऱ्याला अखेरचे रूप आधीच मनात धरून त्यानुसार एकामागून एक आघात करावे लागतात. दगडाची निवडही विचारपूर्वक केलेली दिसते. दख्खनच्या पठारावर बेसाल्ट विपुल असला, तरी मोठ्या हत्यारांसाठी अनेक ठिकाणी भित्तिरूप डोलेराइट खडकाचा वापर झाला आहे.

मध्यपुराणाश्मयुगात चर्ट, जॅस्पर, कॅल्सेडोनी अशा बारीक कणांच्या दगडांना पसंती मिळाली. गाभ्याच्या दगडाला आधी ठरावीक आकार देऊन मग हव्या त्या मापाचा छिलका काढण्याचे तंत्र या काळात रूढ झाले. या तंत्रात सुरुवातीचे आघात केवळ पुढच्या आघाताची तयारी म्हणून केलेले असतात, म्हणून ते दूरदृष्टीचे निदर्शक मानले जाते. अमेरिकी पुरातत्त्वज्ञ डीट्रिच स्टाउट यांनी हत्यारे घडवणाऱ्या आजच्या व्यक्तींच्या मेंदूचे चित्रण केले. हातकुऱ्हाड घडवताना सक्रिय होणारे काही भाग भाषेशी संबंधित भागांशी जुळतात, असे त्यांत आढळले. यावरून हत्यारनिर्मिती आणि भाषा यांचा विकास परस्परांशी निगडित असावा, असे एक मत मांडले जाते. तथापि प्रत्यक्ष बोलण्याचा कोणताही अवशेष जमिनीत टिकत नाही, त्यामुळे हा निष्कर्ष अनुमानावर आधारलेला आहे.

उत्तरपुराणाश्मयुगात लांबट, समांतर कडांची पाती तयार होऊ लागली. लहान पाती लाकडाच्या वा हाडाच्या दांड्यात बसवून जोडहत्यारे बनवण्याची पद्धतही रूढ झाली. निमाड भागातील मेहताखेडी येथे सूक्ष्मास्त्रे सुमारे 45,000 वर्षांपूर्वीपासून आढळतात.

पाटणे येथील कोरीव कवच

जळगाव जिल्ह्याच्या चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथे एस. ए. साळी यांनी 1972–73 मध्ये उत्खनन केले. मध्यपुराणाश्मयुगापासून मध्याश्मयुगापर्यंतच्या अवस्था तेथे एकाच ठिकाणी क्रमाने मिळाल्या. उत्तरपुराणाश्मयुगीन थरात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा एक कोरीव तुकडा आणि कवचाचे मणी सापडले. या थराचे रेडिओकार्बन वय सुमारे 25,000 वर्षे आहे. तुकड्यावर समांतर रेषांच्या चौकटीत परस्परांना छेदणाऱ्या तिरप्या रेषा दिसतात.

शहामृग आज भारतात वन्य अवस्थेत नाही. तरी राजस्थान व मध्य प्रदेशातील कवचांतून मिळवलेल्या जनुकीय द्रव्याच्या 2017 मधील अभ्यासात ती आफ्रिकी शहामृगाशी जुळणारी असल्याचे आढळले. भारतातील अनेक कवचांवरील खुणा मानवाने कोरलेल्या नसून मुळांच्या वाढीसारख्या नैसर्गिक कारणांनी झाल्या आहेत, असे रॉबर्ट बेडनारिक यांनी दाखवून दिले. मात्र पाटण्याचा तुकडा त्यांनी मानवनिर्मित मानला.

रेषा कोरल्याने कवचाची उपयुक्तता वाढत नाही. म्हणून असे कोरीव काम चिन्हांचा वापर करण्याच्या क्षमतेचे लक्षण मानले जाते. दक्षिण आफ्रिकेतील ब्लाँबोस गुहेतील कोरीव गेरू सुमारे 73,000 वर्षांपूर्वीचा, तर डीपक्लूफ येथील शहामृगाची कोरीव कवचे सुमारे 60,000 वर्षांपूर्वीची आहेत. पॉल मेलर्स आणि सहकाऱ्यांनी आफ्रिकेतील व पाटण्याच्या नक्षीतील साम्य आधुनिक मानवाच्या आफ्रिकेतून झालेल्या स्थलांतराशी जोडले. टीकाकारांच्या मते जाळीदार नक्षी इतकी साधी आहे, की ती भिन्न ठिकाणी स्वतंत्रपणेही उद्भवू शकते.

मृत्यू आणि दफनविधी

मृतांविषयीच्या कल्पनांचे सविस्तर पुरावे नंतरच्या काळातील आहेत. पुणे जिल्ह्यातील इनामगाव या ताम्रपाषाणयुगीन गावात (सुमारे इ.स.पू. 1600 ते 700) लहान मुलांना दोन कुंभांची तोंडे जुळवून घराच्या जमिनीखाली पुरत असत. प्रौढांच्या अनेक सांगाड्यांची पावले दफनापूर्वी तोडलेली आहेत. विदर्भात जुनापाणी, माहुरझरी, नायकुंड आदी ठिकाणी लोहयुगातील शिलावर्तुळे आहेत. काही वर्तुळांत मृतांसोबत शस्त्रे, भांडी आणि अलंकारांसह घोडेही पुरलेले आढळले.

वैनगंगा खोरे आणि गोंदिया जिल्हा

1 मे 1999 रोजी भंडारा जिल्ह्याच्या विभाजनातून निर्माण झालेला गोंदिया जिल्हा दख्खनच्या बेसाल्टी पठाराच्या बाहेर, अधिक प्राचीन खडकांच्या प्रदेशात आहे. क्वार्ट्झ व क्वार्ट्झाइटसारखे दगड येथे उपलब्ध असल्याने या भागातील दगडी अवशेष तपासताना पश्चिम महाराष्ट्रातील निकष जसेच्या तसे लावता येत नाहीत. खडबडीत क्वार्ट्झाइटवरील आघातांच्या खुणा आणि नदीप्रवाहात आपोआप पडलेले टवके यांत फरक करावा लागतो.

जिल्ह्यातील सालेकसा तालुक्यात दरेकसा गावाजवळ कचारगड या नैसर्गिक गुहा आहेत. गोंड समाजाच्या परंपरेनुसार येथे कोंडलेल्या त्यांच्या पूर्वजांना पारी कुपार लिंगो व जंगो रायताड यांनी हिरासुका पाटालीर यांच्या संगीताच्या साहाय्याने मुक्त केले. माघ पौर्णिमेला येथे यात्रा भरते आणि अनेक राज्यांतून भाविक येतात.

अशा गुहांच्या बाबतीत गुहेचे भूवैज्ञानिक वय आणि तेथील मानवी वस्तीचे वय यांत गल्लत होण्याचा संभव असतो. गुहा कितीही प्राचीन असली, तरी वस्तीचा काळ थरांतील राख, हाडे व हत्यारे यांवरूनच ठरतो. उत्पत्तीविषयीची मौखिक परंपरा हा समाजाची स्मृती, गोत्रव्यवस्था आणि श्रद्धा यांच्या अभ्यासाचा मौल्यवान आधार आहे. कालमापनाचे साधन म्हणून मात्र तिचा उपयोग होत नाही.

आजच्या आदिवासी समाजांना ‘अश्मयुगाचे अवशेष’ समजण्याची जुनी पद्धत आता त्याज्य मानली जाते. आज हयात असलेले सर्व मानवसमूह एकाच जातीचे असून त्यांचा उत्क्रांतीचा इतिहास सारख्याच लांबीचा आहे.

पुराव्यांच्या मर्यादा

लाकूड, बांबू, कातडे, पिसे, अंगावरील रंग, गाणी व नृत्य यांचा मागमूस फारच क्वचित उरतो. म्हणून एखाद्या काळातील कोरीव वस्तू न सापडणे हा त्या काळी चिन्हांचा वापर नव्हता याचा पुरावा ठरत नाही. चिन्हांचा वापर युरोपात सुमारे 40,000 वर्षांपूर्वी एकाएकी सुरू झाला, ही पूर्वीची समजूत आफ्रिकेतील शोधांमुळे मागे पडली आहे.

संवर्धन

उघड्यावरील स्थळांना वाळू व खडी उत्खनन, शेतीचे सपाटीकरण, धरणे आणि बांधकामे यांचा धोका असतो. मूळ थरातून निघालेल्या हत्याराचा आकार कायम राहतो, पण त्याचा काळ ठरवणारा संदर्भ नाहीसा होतो. रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील कातळशिल्पांच्या नोंदणीत सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आदी स्थानिक अभ्यासकांचा मोठा वाटा आहे. 2022 मध्ये महाराष्ट्र व गोव्यातील नऊ कातळशिल्पस्थळांचा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समावेश झाला. त्यांपैकी राजापूर तालुक्यातील बारसू येथील प्रस्तावित तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या वादात कातळशिल्पांच्या रक्षणाचा प्रश्नही पुढे आला.