गवतावर चाललेले साम्राज्य

मंगोलांचा विषय वर्गात आपण बहुधा दोन वाक्यांत उरकतो. मध्य आशियातून रानटी टोळ्या आल्या, त्यांनी शहरे जाळली, माणसे कापली. मग एखादी मुलगी विचारते, "पण इतक्या थोड्या लोकांनी एवढे जिंकले कसे?" आपण चंगीजखानाच्या क्रौर्याकडे बोट दाखवतो. क्रौर्य होतेच; १२५८ मध्ये बगदादचे काय झाले ते कुणी नाकारत नाही. पण क्रूर राजे जगात पुष्कळ होऊन गेले. प्रशांत महासागरापासून काळ्या समुद्रापर्यंत राज्य मात्र त्यांतल्या कुणाला उभारता आले नाही.

मी इतिहासाचा अभ्यासक नाही, प्रयोगशाळेतला माणूस आहे. म्हणून माझे उत्तर गवतापासून सुरू होते.

मंगोलियाच्या गवताळ प्रदेशात वर्षाकाठी जेमतेम दोनतीनशे मिलिमीटर पाऊस पडतो. हिवाळ्यात पारा शून्याखाली तीस-चाळीस अंश उतरतो. शेतीचे नाव नको. गवत मात्र अफाट, पण गवतातले सेल्युलोज माणसाला पचत नाही. ते काम मेंढ्या, शेळ्या, गुरे, उंट आणि घोडे करतात आणि माणसाला दूध, मांस, लोकर देतात. यांतला घोडा रवंथ करत नाही. गवतातला बराच भाग न पचताच बाहेर जातो आणि त्याची भरपाई तो सतत चरून करतो. मंगोल घोडा बुटका आणि काटक. खुराने बर्फ उकरून खालचे गवत खातो. त्याला दाणावैरण लागत नाही. त्यामुळे इतर राजांच्या फौजांमागे वैरणीच्या गाड्यांची रांग असे, तशी यांच्यामागे नसे. स्वार आपल्याबरोबर तीन-चार घोडे ठेवी आणि आलटूनपालटून बसे. १२३७-३८ मध्ये त्यांनी रशियावर स्वारी केली ती ऐन हिवाळ्यात, गोठलेल्या नद्यांचा रस्ता करून.

पुढचे गणित वर्गात फळ्यावर मांडण्यासारखे आहे. दहा हजार स्वार, प्रत्येकी चार घोडे, म्हणजे चाळीस हजार घोडी. एका घोड्याला दिवसाला सात किलो वाळके गवत धरले तर रोज २८० टन. हेक्टरी एक टन गवत मिळते असे मानले तर रोज २८० हेक्टर कुरण साफ! अशी फौज एका जागी फार दिवस बसूच शकत नाही.

आता झाडांची साक्ष. २०१४ मध्ये नील पेडरसन, एमी हेस्ल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मंगोलियातल्या खांगाई पर्वतात, जुन्या लाव्हाच्या खडकांवर वाढलेल्या पाइन वृक्षांच्या वर्षवलयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ओल्या वर्षी वलय रुंद, कोरड्या वर्षी अरुंद. १२११ ते १२२५ ही पंधरा वर्षे विलक्षण ओली गेली होती. हजार-अकराशे वर्षांत तसा सलग काळ दुसरा नाही. पाऊस म्हणजे गवत, गवत म्हणजे घोडे. वृत्तपत्रांना मथळा मिळाला: पावसाने चंगीजखान घडवला.

इथे जरा थांबायला हवे. ओनोन नदीकाठच्या मेळाव्यात तेमुजिनला 'चंगीजखान' हे पद मिळाले ते १२०६ मध्ये, म्हणजे पाऊस सुरू होण्याच्या पाच वर्षे आधी. टोळ्यांचे भांडण त्याने मिटवले ते कोरड्या वर्षांनंतर आणि माणसांच्या जोरावर. जुन्या टोळ्या फोडून त्याने माणसे दहा, शंभर, हजार, दहा हजारांच्या तुकड्यांत मिसळून टाकली आणि कुळाऐवजी निष्ठा व कर्तबगारी पाहून नायक नेमले. पाऊस टोळीटोळीवर सारखाच पडतो. त्याचा उपयोग करणारी व्यवस्था आधी तयार होती, एवढेच फार तर म्हणता येईल.

गवत संपते तिथे मात्र त्याचा जोर स्पष्ट दिसतो. १२४१ च्या एप्रिलमध्ये मोही येथे हंगेरीचे सैन्य बुडवून मंगोल पुढच्या वर्षी अचानक परत फिरले. सम्राट ओगदाई वारला म्हणून, असे सांगतात. पण १२४२ चा वसंत ओला व थंड होता, सखल मैदानांची दलदल झाली, असेही वलयांवरून मांडले गेले आहे. १२६० मध्ये हुलागूने सिरियातून बहुतेक फौज मागे घेतली. त्यामागेही सम्राट मोंगकेच्या मृत्यूचे कारण होते. पण फ्रान्सच्या राजाला लिहिलेल्या पत्रात हुलागू चारा संपल्याचे सांगतो. मागे उरलेल्या तुकडीला मामलुकांनी ऐन जालूतला हरवले.

राज्य चालवणे हा मात्र निराळा धंदा. उत्तर चीन हाती आल्यावर दरबारात काहींनी सुचवले, शेतकरी हाकला आणि कुरणे करा. येलू चुत्साई या खितान सल्लागाराने ओगदाईला हिशेब करून दाखवला: शेतकरी जागेवर राहिले तर कर म्हणून दरवर्षी चांदी, रेशीम, धान्य येईल. ओगदाईला तो पटला. लाखो जीव वाचले ते या हिशेबाने.

पण त्यानंतर साम्राज्याचे पोट धान्यावर आले. गवताळ प्रदेशातल्या काराकोरम या राजधानीला चीनमधून गाड्यांनी धान्य येऊ लागले. १२६० मध्ये कुबलाई आणि त्याचा धाकटा भाऊ अरिक बोके यांच्यात गादीसाठी लढाई जुंपली. काराकोरम अरिककडे, चीन कुबलाईकडे. कुबलाईने धान्याच्या गाड्या बंद केल्या. १२६४ मध्ये अरिक शरण आला. कुबलाईने राजधानी आजच्या बीजिंगच्या जागी नेली आणि गुओ शौजिंगकडून नवे पंचांग करवून घेतले. त्यात वर्ष ३६५.२४२५ दिवसांचे होते.