‘विशाखा’ कोण?

नीरा जिथे भीमेला मिळते ते नरसिंहपूर म्हणजे इंदापूर तालुक्याचं, पुणे जिल्ह्याचंही शेवटचं टोक. या टापूत शाळा असो, बँक असो की साखर कारखाना, नोकरीतल्या बाईला लैंगिक छळाची तक्रार करायची असली की तोंडी नाव येतं ‘विशाखा समिती’चं. त्याविरुद्धच्या २०१३च्या कायद्यात मात्र हे नाव नाही. तिथे आहे ती अंतर्गत समिती.

मग ही विशाखा कोण? पीडित बाई, असं अनेकांना वाटतं. पण तिचं नाव भंवरीदेवी. राजस्थानातल्या भटेरीची ही साथिन सरकारी कार्यक्रमात काम करायची. बालविवाह थांबवायला गेली, म्हणून १९९२ साली तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांत पहिलं नाव होतं जयपूरच्या ‘विशाखा’ संस्थेचं. १३ ऑगस्ट १९९७च्या निकालाला तेच चिकटलं. छळ रोखणं ही मालकाचीच जबाबदारी, हे त्या निकालाने ठरवलं आणि त्यासाठी तक्रार समिती नेमायला लावली.

या नावामागे नक्षत्र आहे, असं कुणी म्हणेल. कुणी राधेच्या सखीकडे बोट दाखवेल. पण जास्त शोभते ती श्रावस्तीची उपासिका विशाखा. नदीवर उघड्याने न्हाणाऱ्या भिक्षुणींची गणिका थट्टा करत. तेव्हा त्यांना स्नानवस्त्रं देण्याची मुभा तिने बुद्धाकडे मागून घेतली, अशी विनयपिटकात कथा आहे. बायकांची अप्रतिष्ठा टळावी म्हणून थेट संघाच्या नियमातच सोय करून घेणारी ही बाई! याहून नेमकी पूर्वज कुठे मिळणार? मराठीत नाव रुळलं त्याचं कारण मात्र साधं असावं: विशाखा घरोघरच्या मुलीचं नाव, आणि कुसुमाग्रजांच्या १९४२च्या संग्रहामुळे कानात बसलेलं.

नाव जयपूरचं, पण समितीला दात आले ते पुण्याच्या पत्रामुळे. समितीने चौकशी केली तरी पुढे खातेनिहाय चौकशी नव्याने व्हायची आणि बाईला तेच सगळं पुन्हा सांगावं लागायचं. पुण्याच्या ‘आलोचना’ संस्थेच्या मेधा कोतवाल-लेले यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. न्यायालयाने तेच याचिका मानलं. समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या कारवाईतला चौकशी अहवाल धरावा, असा आदेश २००४ साली निघाला. १९ ऑक्टोबर २०१२च्या अंतिम निकालाने अंमलबजावणीचे आदेश आणखी पक्के केले. पुढच्याच वर्षी कायदा आला. तेव्हा समितीला ‘विशाखा’ म्हणणाऱ्या प्रत्येकाने ‘मेधा’ही आठवावी.

आणि हा कायदा फक्त शाळा-बँकांपुरता नाही. ऊसतोडीच्या हंगामात नरसिंहपूरच्या टापूत कोयते उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मजुरीचा हिशेब मुकादमाकडे. कंत्राटदारामार्फत आलेली मजूरही कायद्याने कर्मचारीच. दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. त्यासाठी फडातल्या बाईने पुणे गाठायची गरज नाही: तालुक्याच्या समन्वय अधिकाऱ्याने तक्रार घेऊन सात दिवसांत पुढे धाडायची असते.