किनुयो तानाकाच्या मोटारीमागे

जानेवारी १९५०. टोकियोतल्या गिंझाच्या रस्त्यावर तुम्ही गर्दीत उभे आहात. थंडी बोचते आहे. युद्ध संपलं, तरी देशावर अजून अमेरिकेचा अंमल आहे. तेवढ्यात उघडी मोटार येते आणि तिच्यात प्रख्यात अभिनेत्री किनुयो तानाका. ऑक्टोबरात सदिच्छा दूत म्हणून अमेरिकेला निघाली तेव्हा अंगावर किमोनो होता. आज पाश्चात्त्य पोशाख, डोळ्यांवर काळा चष्मा. बोटं ओठांशी नेऊन ती गर्दीकडे चुंबनं उधळते. तुमच्या शेजारच्या माणसाच्या कपाळावर आठी उमटते.

वर्तमानपत्रं तिच्यावर तुटून पडतील. चाळिशीची बाई, आणि अमेरिकन थेरं! ती आतून मोडेल. पण तुम्ही तिच्याकडे नीट बघा. शिमोनोसेकीत जन्मलेली, लहानपणी ओसाकाच्या मुलींच्या नाटकमंडळीत बिवा हे तंतुवाद्य वाजवणारी, १९२४ मध्ये, चौदाव्या वर्षी, पडद्यावर आलेली ही मुलगी. १९३१ च्या जपानच्या पहिल्या यशस्वी बोलपटात ती होती. १९४४ च्या ‘रिकुगुन’मध्ये लढाईवर निघालेल्या मुलाच्या मागे गर्दीतून धावणारी आई तीच. चित्रपट सैन्याच्या प्रचाराचा, पण त्या धावण्यातली आईची घालमेल लष्कराला रुचली नाही.

आता १९५२ मध्ये या. दिग्दर्शक केंजी मिझोगुचींच्या ‘ओहारू’मध्ये दरबारातली तरुणी ते रस्त्यावरची म्हातारी वेश्या हा सगळा उतार ती एकटी पेलते. माझ्या मते तिचा सर्वात मोठा अभिनय हाच. पुढच्या वर्षी त्यांचाच ‘उगेत्सु’.

तरीही मला तुम्हाला न्यायचंय ते १९५३ च्या ‘कोइबुमी’च्या सेटवर. कॅमेऱ्याजवळ दिग्दर्शक म्हणून किनुयो उभी आहे. तिच्याआधी जपानमध्ये कथापट दिग्दर्शित करणारी एकच बाई होऊन गेली, ताझुको साकाने. कसब अंगी यावं म्हणून या प्रख्यात नटीने दिग्दर्शक मिकिओ नारुसेंच्या हाताखाली साहाय्यकाचं काम केलंय. गोष्ट आहे अमेरिकन सैनिकांनी मागे सोडलेल्या बायकांची आणि त्यांना इंग्रजी पत्रं लिहून देणाऱ्या माजी सैनिकाची. अशा बायकांना हिणवणाऱ्या समाजाचं तोंड तिने स्वतः पाहिलंय, गिंझाच्या रस्त्यावर.

ती दिग्दर्शित करणार असलेल्या दुसऱ्या चित्रपटाच्या वेळी दिग्दर्शकांच्या संघटनेचे प्रमुख मिझोगुचीच आडवे आले. ज्यांच्या चित्रपटांना तिने आपलं सर्वस्व दिलं, त्यांनी असं करावं, हे मला आजही बोचतं. दिग्दर्शक यासुजिरो ओझू मात्र तिच्या बाजूने ठाम राहिले. पटकथेचे सहलेखक तेच होते. चित्रपट झाला.

१९६२ पर्यंत तिने सहा चित्रपट दिग्दर्शित केले. १९७५ मध्ये ‘सांदाकान क्रमांक ८’मधल्या वृद्ध स्त्रीच्या भूमिकेसाठी बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान मिळाला आणि १९७७ मध्ये ती गेली. तिचे चित्रपट आता नव्या प्रतींत पाहता येतात. सुरुवात ‘कोइबुमी’पासून करा.