वेशीतला न्याय

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. तरीही उचगावसारख्या गावांतील माणसे जमिनीच्या व वाटणीच्या दाव्यांसाठी कोल्हापूरच्या कोर्टाच्या पायऱ्या चढत आली. सी.पी.आर. रुग्णालयासमोरील राधाबाई इमारत ही ती जुनी वास्तू. जिल्हा न्यायालय कसबा बावड्याला हलले, तेव्हा तिचे दिवस सरले असे वाटावे. परंतु तिची डागडुजी झाली आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून तेथे मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे कामकाज सुरू झाले. चार दशकांच्या मागणीचे हे फळ. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग येथील पक्षकारांची मुंबईची खेप त्यामुळे वाचली.

मुंबईची मूळ वास्तू कर्नल फुलर यांच्या आराखड्यानुसार १८७१ ते १८७८ या काळात उभी राहिली, तीही मंजूर रकमेपेक्षा २,६६८ रुपये कमी खर्चून. तिच्या माथ्यावर न्याय आणि दया यांचे पुतळे आहेत. १९०८ साली तेथेच लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. त्या वेळच्या त्यांच्या उद्गारांची शिळा १९५६ साली तेथेच बसविण्यात आली. आपल्या हातून घडलेला अन्यायही जी वास्तू स्मरणात ठेवते, ती जतन करण्याजोगीच होय.

जुन्या करारातील वडीलजन नगराच्या वेशीत बसून निवाडा करीत. विधवेला व अनाथाला तेथवर पायी पोहोचता येई. राधाबाई इमारतीचे दगड टिकतीलच. दुबळ्याला तिचा दरवाजा जवळचा वाटावा, हेच तिचे खरे जतन.