प्लेगचे भय आणि एक अपरिचित नाव



इतिहासाच्या शिक्षकाने रोगावर बोलावे, हे आपणांपैकी काहींना विचित्र वाटेल. परंतु ज्या नवागामात निम्म्या घरांची मुळे खानदेशात आहेत, तेथे सप्टेंबर १९९४ वगळून सुरतेचा इतिहास सांगता येणार नाही.

गणेश विसर्जन नुकतेच आटोपले होते. वेड रोड परिसरातील रुग्ण ताप, धाप आणि रक्तमिश्रित थुंकी अशा अवस्थेत नव्या सिव्हिल रुग्णालयात येऊ लागले आणि ‘प्लेग’ हा शब्द एका रात्रीत शहरभर झाला. प्लेग म्हटले की मराठी मनाला १८९७ चे पुणे आठवते. टेट्रासायक्लिन दुकानांतून नाहीसे झाले. लाखो माणसे शहर सोडून गेली. उधन्याहून नंदुरबार-जळगावकडे जाणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा उरली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदीनुसार देशभरात ५६ मृत्यू झाले, त्यांतील बहुतेक सुरतेतले. पुढच्या वर्षी एस. आर. राव महापालिका आयुक्त झाले आणि शहराचा उकिरडा हटला, हे सर्वविदित आहे.

त्या रुग्णांचा प्राण नेमका कशाने गेला? फुप्फुसातील जंतू रक्तात शिरतात, त्यांच्याशी झुंजणाऱ्या शरीराची प्रतिक्रियाच बेताल होते, रक्तदाब कोसळतो आणि एकेक अवयव थांबतो. यालाच वैद्यक सेप्सिस म्हणते. प्लेग हे तिथे पोचण्याचे केवळ एक दार. न्यूमोनिया, मूत्रमार्गाचा दाह, साधी चिघळलेली जखम ही इतर दारे. १९९१ मध्ये अमेरिकेतील तज्ज्ञांच्या परिषदेने ‘तीव्र सेप्सिस’ अशी पायरी ठरवली. २०१६ मध्ये ती गाळण्यात आली, कारण अवयव निकामी होऊ लागणे हीच सेप्सिसची व्याख्या ठरली. पंडितांची परिभाषा बदलते, खाटेवरचा रोगी तोच असतो.

२०१०-११ मध्ये देशातील १२० अतिदक्षता विभागांत पाहणी झाली, तेव्हा चौथ्या हिश्श्याहून अधिक रुग्ण तीव्र सेप्सिस वा त्याहून बिकट अवस्थेत होते. २०१७ या एका वर्षात भारतात सेप्सिसशी निगडित मृत्यू सुमारे २९ लाख झाले, असा अंदाज आहे. त्यापायी कोणी गाव सोडले नाही.

माझे एक काका येथेच मागावर काम करीत. मधुमेह होता. पायाला जखम झाली, ताप आला. तीन दिवस गोळ्यांवर काढले. प्लेगच्या दिवसांत अंग जरा तापले तरी सिव्हिल गाठणारा हा माणूस! चौथ्या दिवशी ते असंबद्ध बोलू लागले, लघवी थांबली. पहिल्या काही तासांतच प्रतिजैविक आणि शिरेतून द्रव मिळाले, तर अशा रोग्याला आशा असते. काका अतिदक्षता विभागात पोचले तेव्हा ते तास निघून गेले होते. मृत्यूच्या दाखल्यावर ‘मूत्रपिंड निकामी’ एवढेच लिहून आले. पायाच्या जखमेचा उल्लेख त्यात नव्हता.