विदूषक, सोंगाड्या आणि जोकर

गणपतीच्या दिवसांत नकला करणारे आपल्याकडचे काकाजी मंडळाच्या जुन्या माणसांना ठाऊक आहेत. पटवारी, मास्तर, वीजबिलाचा बाबू, सगळे त्यांच्या तावडीत सापडतात. आम्हा सरकारी नोकरांची नक्कल तर मी पहिल्या रांगेत बसून ऐकली आहे आणि मान खाली घालून हसलोही आहे. काही वर्षांपूर्वी एका कार्यक्रमात निवेदकाने त्यांना हिंदीतून ‘हमारे जोकर’ म्हणून बोलावलं. काकाजींनी नक्कल केली, टाळ्या घेतल्या, पण पुढच्या वर्षी ते मंचावर आले नाहीत. विचारलं तर म्हणाले, “मी जोकर होय काय बाप्पा? सोंगाड्या म्हटलं असतं त चाललं असतं.”

मी डिप्लोमा करून नोकरीला लागलेला माणूस, संस्कृतचा पंडित नाही. पण या दोन शब्दांत एवढं काय अंतर आहे, ते शोधावंसं वाटलं.

सगळ्यांत जुना शब्द विदूषक. ‘दूष्’ म्हणजे बिघडवणे, दोष काढणे. गंभीर चाललेलं बिघडवणारा आणि मोठ्यांचे दोष काढणारा, असे दोन्ही अर्थ त्यात बसतात. भरताच्या नाट्यशास्त्रात रंगभूमीवरच्या पात्रांचे रक्षक सांगितले आहेत. नायकाचा रक्षक इंद्र, नायिकेची सरस्वती, आणि विदूषकाचा रक्षक साक्षात ओंकार! अथर्वशीर्ष म्हणणाऱ्याला ओंकार म्हणजे कोण, हे सांगायला नको. त्याच ग्रंथात विदूषकाचं रूप दिलं आहे: खुजा, पुढे आलेल्या दातांचा, टकल्या. आणि नाटकातला हा गडी मोदकांवर जीव टाकणारा. कालिदासाच्या ‘विक्रमोर्वशीय’मधल्या विदूषकाला तर उगवलेला चंद्रही मोदकासारखा दिसतो. बाप्पाच्या आणि त्याच्या आवडीनिवडी अशा जुळाव्यात, याची मला मोठी गंमत वाटते.

खरी मौज त्याच्या भाषेत आहे. तो जातीने ब्राह्मण, राजाचा जवळचा मित्र, पण संस्कृत बोलत नाही. राजा संस्कृतात बोलतो आणि हा त्याला प्राकृतात, म्हणजे लोकांच्या बोलीत, उत्तर देतो. दरबारात असं बोलायची मुभा किती जणांना असेल?

यातला एक विदूषक तर आपल्या शेजारचाच म्हणावा लागेल. ‘मालविकाग्निमित्र’ नाटकाची नायिका मालविका विदर्भाची राजकन्या. शेवटी विदर्भाची वाटणी होते आणि सीमा ठरते वरदा नदी. वरदा म्हणजे आपली वर्धा, पांढुर्ण्याच्या शेजारी मुलताईकडच्या डोंगरात उगम पावणारी. या नाटकातला विदूषक गौतम साप चावल्याचं सोंग घेतो. उतारा म्हणून सापाचं चिन्ह असलेली वस्तू लागते, आणि राणी आपली नागमुद्रेची अंगठी काढून देते. तीच अंगठी दाखवून गौतम कोंडलेल्या मालविकेला सोडवून आणतो. राजाला जमलं नाही ते सोंगाने जमवलं.

सोंग हा शब्द मात्र आज घसरला आहे. ‘सोंग करू नको’ म्हणजे खोटेपणा करू नको. ‘सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही’ ही म्हण महिन्याच्या शेवटी आमच्या घरी निघतेच. पण नाशिक-ठाण्याकडच्या बोहाड्यात मुखवटे लावून देवांचीच सोंगं नाचतात, गणपतीचंही असतं. तिथे सोंग म्हणजे फसवणूक नव्हे. तमाशातला सोंगाड्या याच घरातला. गण होतो, गवळण होते, वगात राजा येतो, आणि सोंगाड्या त्या राजाला गावच्या बोलीत आडवा जातो. 1971 साली दादा कोंडक्यांचा ‘सोंगाड्या’ आला आणि हा शब्द शहरातल्या पडद्यावरही गाजला.

शिष्ट रंगभूमीवरही विदूषकाला मान होता. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं. त्यांच्या खेळांत आरंभी सूत्रधाराबरोबर विदूषक येई, तोही रानातल्या माणसासारखा वेष करून. इंग्रजीत ‘क्लाउन’ शब्दाचा जुना अर्थही गावंढळ, खेडवळ माणूस असाच आहे. म्हणजे खेडवळाला हसायची खोड दोन्हीकडची! पुढे 1880 साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’त दुष्यंताचा विदूषक मराठी बोलू लागला, आणि त्याच साली विष्णुपंत छत्र्यांची सर्कसही उभी राहिली. सर्कशीतल्या रंगवलेल्या नाकाच्या माणसाला लोक पुढे जोकर म्हणू लागले. जोकर हा अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात पत्त्यांच्या कॅटात शिरलेला जादा पत्ता. तो कोणत्याही पत्त्याच्या जागी चालतो, स्वतःचं असं त्याला काही नसतं. काकाजींना हेच झोंबलं असावं. जोकर पडतो आणि आपण हसतो. सोंगाड्या बोलतो, मग आपण हसतो.

आपला सौंसर-लोधीखेड्याचा भाग 1956 पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता. नंतर कारभाराची नि शाळेची भाषा हिंदी झाली, घरची मराठी राहिली. मी स्वतः दिवसभर हिंदीत टिपणी लिहितो, त्यामुळे तक्रार कोणाकडे करणार? पण माझ्या मुलाला जोकर माहीत आहे, सोंगाड्या माहीत नव्हता. त्याला सांगायला बसलो तेव्हा काकाजींचीच उदाहरणं द्यावी लागली.

यंदा कार्यक्रमपत्रिकेचा कच्चा कागद घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. नावापुढे ‘सोंगाड्या’ लिहिलं होतं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, आपला नंबर कितवा ते विचारलं आणि म्हणाले, “भजनानंतर नको ठेवू. लोक जेवाले जातेत.”